खिडकीतले साक्षीदार आणि मैदानातले साक्षीदार



कान आणि डोळा यांत चार बोटांचे अंतर असते, आणि ऐकीव गोष्ट व पाहिलेली गोष्ट यांतही तितकेच अंतर असते, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली आहेत. तात्पर्य असे की, कानावर विसंबू नये, डोळ्यावर विसंबावे. सांगणे शहाणपणाचे आहे; परंतु इतिहासाच्या वाटेने चार पावले चालून गेले की ते पुरे पडत नाही. दोन माणसांनी एकच घटना आपापल्या डोळ्यांनी पाहिली आणि दोघांनी दोन तऱ्हेची हकीकत सांगितली, तर मग कोणाच्या डोळ्यावर विसंबावे? आजच्या व्याख्यानात मला या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते कामगारांच्या वाचनालयात व युनियनच्या कचेरीत झाले. पण साक्षीपुराव्याशी माझा संबंध रोजचा आहे. कारखान्यात अपघात झाला, की जबान्या घ्याव्या लागतात. खातेचौकशी लागली, की उलटतपासणी करावी लागते. एका अपघाताचे उदाहरण सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे तीन माणसांनी जबाब दिले. काचेच्या केबिनमधल्या साहेबांनी सांगितले, की कामगार यंत्राकडे पाठ करून बोलत उभा होता. शेजारच्या यंत्रावरच्या गड्याने सांगितले, की पट्टा आधीपासून घसरत होता आणि तो वळला होता तो मदतीला हाक मारण्यासाठी. चहा घेऊन येणाऱ्या पोऱ्याने फक्त किंकाळी ऐकली होती. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकजण जिथे उभा होता तिथून जेवढे दिसले तेवढे सांगत होता. तेव्हापासून कोणतीही साक्ष हाती आली, की मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की, बाबा, तू उभा कुठे होतास?

हा प्रश्न विचारण्याजोगी एक जुनी घटना आहे, तीच मी आज निवडली आहे. १६ ऑगस्ट १८१९ या दिवशी इंग्लंडातील मँचेस्टर शहरी सेंट पीटर्स फील्ड नावाच्या मोकळ्या मैदानात जी घडली ती. ‘पीटर्लू’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. चारच वर्षांपूर्वी वॉटर्लूची लढाई इंग्रजांनी जिंकली होती. तिच्या नावाशी या मैदानाचे नाव जोडून मँचेस्टरच्या एका वृत्तपत्राने हा उपरोधिक शब्द तयार केला, आणि तो लोकांच्या तोंडी कायमचा बसला.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. मँचेस्टर म्हणजे सुती कापडाची राजधानी. ज्या लँकेशायरच्या कापडाने पुढे आपल्याकडच्या हातमागाचा घास घेतला, त्याच लँकेशायरात त्या काळी हातमागाचे हजारो विणकर अर्धपोटी दिवस काढीत होते. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते, मंदी आली होती, मजुरी वर्षानुवर्षे घसरत होती. त्यातच १८१५ साली धान्याचा कायदा झाला. परदेशी धान्याला अटकाव झाल्याने जमीनदारांचे भले झाले आणि पाव महागला. ज्या पार्लमेंटात हे कायदे होत, तिथे एवढ्या मोठ्या मँचेस्टर शहराचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. आणि ओसाड पडलेल्या काही खेड्यांना मात्र दोन-दोन प्रतिनिधी होते. म्हणून लोकांची मागणी पार्लमेंटच्या सुधारणेची होती. पोटाचा प्रश्न सुटावयाचा असेल तर मताचा प्रश्न सोडवावा लागेल, हे त्या अडाणी म्हणून हिणवलेल्या विणकरांना नीट उमगले होते.

सभेचे मुख्य वक्ते हेन्री हंट हे होते. आसपासच्या गावांतून मिरवणुकीने लोक आले. बायका होत्या, मुले होती. सणाला निघावे तसे लोक धुतलेले कपडे घालून आले होते. सुमारे साठ हजार माणसे जमली असा सर्वसाधारण अंदाज आहे. मैदानाला लागून असलेल्या एका घरात मॅजिस्ट्रेट लोक बसले होते. हंट व्यासपीठावर आल्यावर थोड्याच वेळात त्यांनी त्याच्या अटकेचे वॉरंट काढले. लष्कराच्या मदतीवाचून ते बजावता येणार नाही, असे पोलिसांच्या अधिकाऱ्याने सांगितले. तेव्हा प्रथम ‘यीओमनरी’ म्हणजे स्थानिक स्वयंसेवकांचे घोडदळ गर्दीत शिरले. या दळात गिरणीमालक, दुकानदार आणि दारूच्या गुत्त्यांचे मालक होते. मैदानात त्यांचे पुढारीपण करणारा कॅप्टन बर्ली स्वतः गिरणीमालक होता. त्यांच्यामागून पंधराव्या हुसार पलटणीचे सरकारी घोडेस्वार आले. तलवारी चालल्या, घोड्यांच्या टापांखाली माणसे गेली, आणि फार तर वीस मिनिटांत मैदान रिकामे झाले. येथवरच्या हकिकतीबद्दल कोणाचा वाद नाही. पुढे मात्र वाद सुरू होतो. लोकांनी आधी हल्ला केला काय? दगड आले काय? जमाव पांगविण्याचा कायदा वाचून दाखविला होता काय? तलवार चालली ती धारेने की पात्याच्या सपाट बाजूने?

आता साक्षीदारांना एकेक करून बोलावू.

पहिला साक्षीदार खिडकीतला. मॅजिस्ट्रेटांचे अध्यक्ष विल्यम हल्टन यांनी सांगितले, की यीओमनरीचे स्वार गर्दीत घेरले गेले आहेत आणि त्यांच्यावर हल्ला होत आहे असे आपल्याला दिसले. म्हणून हुसार स्वारांना घेऊन आलेला कर्नल लेस्ट्रेंज खिडकीखाली येऊन हुकूम विचारू लागला तेव्हा आपण त्याला जमाव पांगविण्यास सांगितले. कायदा खिडकीतून वाचून दाखविला होता, असेही मॅजिस्ट्रेटांचे म्हणणे होते.

दुसरा साक्षीदार त्याच घरातला, पण एक मजला वर. एडवर्ड स्टॅन्ली हे खेड्यातले एक धर्मोपदेशक. पुढे ते बिशप झाले. घरमालकाशी खाजगी काम होते म्हणून ते त्या दिवशी सहज तिथे आले होते. सभेशी त्यांचा संबंध नव्हता, मॅजिस्ट्रेटांशी वैर नव्हते. मॅजिस्ट्रेट ज्या खोलीत होते तिच्या बरोबर वरच्या खोलीतून त्यांनी सारे पाहिले, आणि पुढे हकीकत लिहिली ती मैदानाचा नकाशा काढून. त्यांनी सांगितले, की कायदा वाचलेला आपण ऐकला नाही आणि स्वारांवर दगड किंवा काठ्या येताना पाहिल्या नाहीत. विचार करा: खालच्या खिडकीतून वाचलेला कायदा वरच्या खिडकीतल्या माणसालाही ऐकू आला नसेल, तर मैदानातल्या साठ हजार माणसांना तो कसा ऐकू यावा? कायदा वाचला असेलही. परंतु ज्याच्यासाठी वाचावयाचा त्याला तो पोचला नाही, एवढे या साक्षीवरून निश्चित होते.

तिसरा साक्षीदार घोड्यावरचा. हुसार पलटणीतला लेफ्टनंट विल्यम जॉलिफ अठरा वर्षांचा होता. त्याने आपली हकीकत १८४५ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी लिहिली. त्याचा कल अर्थातच आपल्या पलटणीकडे आहे. आपल्या शिपायांनी बहुतेक तलवारीची सपाट बाजू वापरली, असे तो म्हणतो. पण धारही वापरली गेली हे तो लपवीत नाही. पळता पळता माणसांवर माणसे पडून ढीग झाले, हेही तो लिहितो. आणि यीओमनरीचे स्वार मैदानभर एकेकटे, दोघे-चौघे असे विखुरलेले, गर्दीत अडकलेले आपण पाहिले, असे तो सांगतो.

आता हल्टनसाहेबांची साक्ष आणि जॉलिफची साक्ष शेजारी शेजारी ठेवा. स्वार गर्दीत अडकले होते ही गोष्ट दोघांनीही पाहिली, आणि ती खरीच असली पाहिजे. मात्र ‘अडकले होते’ हे डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि ‘हल्ला होत होता’ हे मनाने काढलेले अनुमान आहे. खांद्याला खांदा लागून उभ्या असलेल्या माणसांत घोडे घातले, तर ते अडकणारच. माणसांना बाजूला व्हायला जागाच कुठे होती? खिडकीतल्या माणसाने एक पाहिले आणि दुसरेच समजून घेतले. आणि त्या समजुतीवर हुकूम सुटला. इतिहासात आणि खातेचौकशीतही सर्वांत मोठा घोटाळा होतो तो इथे. साक्षीदार पाहिलेले आणि समजलेले एकाच दमात सांगतो. ऐकणाऱ्याने ते वेगळे काढावयाचे असते.

चौथा साक्षीदार व्यासपीठावरचा. जॉन टायस हा लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राचा बातमीदार. तो बातमीसाठी व्यासपीठावर चढला होता, हंटचा अनुयायी म्हणून नव्हे. आणि त्याचे पत्रही जहाल मताचे नव्हते. धरपकडीत त्यालाही पकडून नेले. सुटल्यावर त्याने जे लिहिले ते १९ ऑगस्टला छापले गेले: घोडदळ व्यासपीठाशी येईपर्यंत लोकांकडून एकही वीट आली नाही. टायस अटकेत असताना मॅजिस्ट्रेटांचीच हकीकत तेवढी लंडनला पोचेल, हे ओळखून आर्चिबाल्ड प्रेंटिस आणि जॉन एडवर्ड टेलर या दोन गृहस्थांनी त्याच रात्री आपापली पत्रे लंडनला रवाना केली. हाच टेलर पुढे १८२१ साली ‘मँचेस्टर गार्डियन’चा संस्थापक झाला. प्रेंटिसचा प्रामाणिकपणा मात्र मला विशेष वाटतो. घोडदळ शिरले त्या वेळी आपण मैदानात नव्हतो, घरी परतलो होतो, आणि पळत आलेल्या लोकांना विचारून आपण लिहिले, हे त्याने आपल्या पुस्तकात स्वच्छ सांगितले आहे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून सांगितली, तर ती पुराव्यातून बाद होत नाही. तिला तिची जागा मिळते.

पाचवा साक्षीदार मैदानातला. सॅम्युएल बॅमफर्ड हा मिडल्टन गावचा विणकर. आपल्या गावची हजारो माणसांची मिरवणूक त्यानेच आणली होती. रांगेत चालण्याचा सराव लोकांनी आधी केला होता. सरकारने त्यालाच लष्करी कवाईत म्हटले. बॅमफर्ड म्हणतो, की लोक गबाळे, बेशिस्त म्हणून आम्हाला हिणवीत, म्हणून शिस्तीने जावयाचे ठरविले होते. याच सभेपायी त्याला एक वर्षाची कैद झाली. त्याने आत्मवृत्त लिहिले ते सुमारे वीस वर्षांनी. मैदान रिकामे झाल्यावर पडून राहिलेल्या टोप्या, शाली, पायताणे यांचे त्याने केलेले वर्णन वाचून मन सुन्न होते. आपल्या पुस्तकात त्याने आपली बायको जेमायमा हिचीही हकीकत तिच्या तोंडून दिली आहे. ती गर्दीत नवऱ्यापासून दूर पडली, घाबरून एका घराच्या आसऱ्याला गेली; नवरा जिवंत आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हते. ती खिडकीत नव्हती की घोड्यावर नव्हती. कोणी विचारले नसते तर तिने जे सोसले ते तिच्याबरोबरच गेले असते.

येथे कोणी म्हणेल, की वीस-सव्वीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणी काय कामाच्या? आक्षेप रास्त आहे, पण त्याला उत्तरही आहे. आपल्याच मराठीतले उदाहरण घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो पाव शतकानंतर. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली छापला तो आपला हात फिरवून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांमुळे १९६६ साली लोकांपुढे आली. तारखा आणि आकडे यांत आठवण दगा देते. पण तहान लागली असता पाणी मिळाले नाही, गल्लीत प्रेते पडली होती, या गोष्टी माणूस मरेपर्यंत विसरत नाही. तेव्हा जुनी आठवण टाकून द्यावयाची नाही. तिला तारीख विचारू नये, तिला अनुभव विचारावा. तारीख दुसऱ्या कागदात शोधावी.

साक्षी झाल्या, आता न्यायालयात काय झाले ते पाहू. ओल्डहॅमचा जॉन लीझ हा कापडाच्या धंद्यातला कामगार. तो वॉटर्लूच्या लढाईत लढला होता. मैदानात त्याला तलवारीच्या जखमा झाल्या आणि सप्टेंबरात तो वारला. कॉरोनरची चौकशी बसली, साक्षीदारांमागून साक्षीदार झाले, चौकशी पुन्हा पुन्हा तहकूब झाली. आणि शेवटी वरिष्ठ न्यायालयाने ती सारी रद्दबातल ठरविली. कारण काय, तर कॉरोनर व ज्यूरी यांनी प्रेत एकाच वेळी पाहिले नव्हते! हंटवर यॉर्क येथे खटला होऊन त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. १८२२ साली रेडफर्ड नावाच्या एका जखमी कामगाराने कॅप्टन बर्ली व इतर तिघांवर दावा लावला. स्टॅन्ली यांनी तिथे शपथेवर साक्ष दिली. तरीही निकाल बर्लीच्या बाजूने लागला. राजप्रतिनिधीने मॅजिस्ट्रेटांचे व यीओमनरीचे तर आधीच आभार मानले होते, आणि १८१९ सालच्या अखेरीस सभा व वृत्तपत्रे यांना आवळणारे सहा कायदेही झाले होते.

म्हणजे साक्षी वाया गेल्या काय? त्या दिवसापुरत्या गेल्या. पण लीझच्या चौकशीची समग्र जबानी १८२० साली छापून निघाली. चौकशी रद्द झाली तरी छापलेले शब्द रद्द झाले नाहीत. दुसरे एक काम झाले ते त्याहून मोलाचे. जखमींना मदत देण्यासाठी समित्या नेमल्या गेल्या. त्यांनी घरोघर जाऊन याद्या केल्या: नाव, पत्ता, धंदा, पोरेबाळे किती, जखम कुठे व कशाने, मदत किती दिली. मदतीच्या पैशाचा चोख हिशेब ठेवावा एवढाच त्यांचा हेतू. कामावरून काढतील या भीतीने पुष्कळांनी जखमा लपविल्या होत्या. एका जखमीला, यापुढे सभांना जाणार नाही असे कबूल करीना म्हणून डॉक्टराने परत पाठविले, अशीही नोंद त्यांत आहे. या साध्या हिशेबी याद्यांच्या आधारे मायकेल बुश या इतिहासकाराने २००५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. जखमींची साडेसहाशेहून अधिक नावे त्यात आहेत. त्यांत चौथ्या हिश्शाहून अधिक बायका होत्या. सभेत मात्र बायकांचे प्रमाण त्याहून बरेच कमी होते. मृतांची संख्या आज पंधरा ते अठरा धरतात. त्यांत एक दोन वर्षांचे मूल होते. तलवारीच्या जखमा इतक्या मोठ्या संख्येने नोंदलेल्या असता, सपाट बाजूची गोष्ट किती पुरती होती, हे आता कोणीही ठरवावे. ज्या कारकुनांनी त्या याद्या केल्या, त्यांनी इतिहास लिहावयास घेतला नव्हता; त्यांनी फक्त प्रत्येक दार ठोठावले आणि विचारले, तुला कुठे लागले?

जवळजवळ शंभर वर्षांनी, १३ एप्रिल १९१९ रोजी, अमृतसरला जालियनवाला बागेत तेच घडले, आणि अधिक भयंकर घडले. तिथे डायरने आपल्याच तोंडाने हंटर समितीपुढे १६५० गोळ्या झाडल्याचे सांगितले. सरकारने मृतांचा आकडा ३७९ दिला. काँग्रेसने आपली वेगळी समिती नेमली. तिच्यात गांधीजी होते, आणि आपले मुकुंदराव जयकरही होते. सतराशेवर जबान्या त्यांनी तपासल्या आणि सुमारे साडेसहाशे छापल्या. गांधीजींचा कटाक्ष होता, की जिच्याविषयी किंचितही शंका असेल अशी जबानी अहवालात घ्यावयाची नाही. आपल्या बाजूची साक्ष आपणच कडक तपासावयाची, हा त्यातला धडा आहे. आमच्या चळवळीतल्या तरुणांना मी हे नेहमी सांगतो. पंधरा जखमी असता पन्नास सांगितलेत, तर ते पंधराही समोरचा माणूस खोटे ठरवितो.

शेवटी शब्दांविषयी दोन शब्द. मँचेस्टरमध्ये त्या जागी पूर्वी एक निळी पाटी बसविली होती. तिच्यावर, इथली सभा लष्कराने पांगविली, अशा अर्थाचा मजकूर होता. मृतांचा उल्लेख नव्हता. लोकांनी तक्रार लावून धरली आणि २००७ साली ती पाटी बदलली. सशस्त्र घोडदळाने शांत जमावावर हल्ला केला, पंधरा माणसे मेली व सहाशेहून अधिक जखमी झाली, असे नव्या पाटीवर आले. २०१९ साली तिथे स्मारकही उभे राहिले. ‘पांगविली’ हा शब्द खोटा नव्हता. सभा पांगलीच होती. पण तो खिडकीतला शब्द होता. मैदानातला शब्द पाटीवर यायला १८८ वर्षे लागली, आणि तो आला तोही साक्षी लिहून ठेवलेल्या होत्या म्हणूनच.

यावरून आपण काय घ्यावयाचे? खिडकीतली साक्ष फेकून द्या असे माझे म्हणणे नाही. स्टॅन्लीही खिडकीतच होते, आणि उंचावरून सबंध मैदान दिसते ते खालच्याला दिसत नाही. माझे म्हणणे एवढेच, की खिडकीतल्यांना लिहिण्याची सवय असते, त्यांच्याकडे कागद असतो, कारकून असतो, छापखाना असतो. मैदानातल्याजवळ यांतले काहीच नसते. तेव्हा ते पारडे आपण भरून काढावयास हवे. आपल्या गावातही संप झाले, पूर आले, दुष्काळ पडले, गिरण्या बंद पडल्या. ते ज्यांनी सोसले अशी म्हातारी माणसे तुमच्या-आमच्या घरात आहेत. त्यांच्याजवळ बसा, आणि लिहून घ्या. लिहिताना चार गोष्टी तेवढ्या सांभाळा: सांगणारा कुठे उभा होता, स्वतः पाहिले काय, ऐकले काय आणि कोणाकडून, आणि हे कोणत्या दिवशी सांगितले. भाषा त्यांचीच राहू द्या, ती सुधारू नका. आणि घरातल्या बायकांना विचारायला विसरू नका. संपाच्या सभेत भाषण कोणी केले हे पुरुष सांगतील. पण त्या महिन्यांत चूल कशी पेटली, हे त्यांनाच ठाऊक असते.